फळी विकली, वायसर नाही

ठरलेला सौदा माझ्याशी एकाच माणसाने मोडला. तोही असा माणूस, ज्याला सौदा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. म्हणून तो सल जास्त आहे. एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्याने मला गंडवलं असतं, तर मी त्याच्याकडून काही शिकलो असतो.

त्याचं नाव इब्राहिम सारंग. रियाधच्या अल मलाझमध्ये आमच्या इमारतीत सगळे त्याला मामू म्हणत. तो गच्चीवरच्या खोलीत एकटा राहायचा. गाव जयगडच्या खाडीवर. घराण्याचा धंदा होड्या बांधायचा. आता होड्या बांधणारा माणूस रियाधला कसा, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. मुंबईच्या एजंटाने त्याला रियाध हे मोठं बंदर आहे असं सांगितलं होतं. विमानातून उतरल्यावर कंपनीच्या गाडीतून जाताना त्याने ड्रायव्हरला विचारलं, दर्या किती लांब? ड्रायव्हर म्हणाला, चार-पाच तासांवर असेल. मामू मला हे सांगायचा तेव्हा त्याची तक्रार बंदराबद्दल नसायचीच.

"बंदर नाय तर नाय," म्हणायचा. "पण शेट, भरती नाय, ओहोटी नाय. माणसाला दिवस कसा कळायचा?"

मला तो शेट म्हणायचा. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला कधी मोजता आलं नाही. मी चिपळूणचा, स्टोअरकीपरचा मदतनीस म्हणून आलो आणि स्वतःच्या जिभेवर विजेच्या सामानाचं दुकान उभं केलं. पाटी कफीलच्या, म्हणजे माझ्या सौदी जामीनदाराच्या नावाची, डोकं माझं. जुन्या बाजारातल्या येमेनी व्यापाऱ्यांनी माझ्यासमोर हात टेकलेत. मी माल हातात घेतला की समोरचा आधीच कपाळाला हात लावायचा.

मामू कंपनीत दारांच्या चौकटी करायचा आणि शुक्रवारी बाहेरची कामं घ्यायचा. दुकानात फळ्या हव्या होत्या म्हणून मी त्याला बोलावलं. त्याने भिंत बघितली, हाताच्या वितीने मापली आणि दीडशे रियाल सांगितले. मी रीतीप्रमाणे शंभर म्हटलं.

"दोनशे," मामू म्हणाला.

मला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल. मी सव्वाशे म्हटलं.

"सव्वादोनशे."

मी चिडलो. हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं. तो शांतपणे म्हणाला की, मी खरा भाव सांगितला होता, तू तो खोटा ठरवलास, त्या अपमानाचे पैसे वेगळे. मी दार दाखवलं. तो गेला. दोन सुतार बघून झाले, दोघांच्या फळ्या कललेल्या. शेवटी गच्चीवर गेलो आणि सव्वादोनशे कबूल केले. तेही मुकाट्याने, कारण तोंड उघडलं की भाव चढत होता. बायको, सुलभा, हे अजून पाहुण्यांना सांगते.

फळ्या मात्र अशा झाल्या की त्यांच्यावर म्हैस उभी केली असती. फळीच्या टोकाला त्याने होडीचा चौकोनी खिळा ठोकला होता. खाली एक हिरवट चकती घालून, पलीकडून टोक वाकवून आवळलेला. चकतीच्या मधोमध चौकोनी भोक, भोवती चार अक्षरं, चिनी वाटावीत अशी. मी विचारलं हे काय. मामूला प्रश्नच समजेना.

"वायसर," तो म्हणाला.

त्याच्या आजोबाने जहाजावर खलाशी असताना सायगॉनच्या बंदरात या चकत्यांची अख्खी माळ घेतली होती. होडीच्या फळ्या जोडताना चौकोनी खिळ्याखाली चकती लागते. गोल भोकाची चकती खिळ्याभोवती फिरते आणि लाकूड खाते. आजोबाला कुठल्याशा दुकानात चौकोनी भोकाच्या चकत्या दिसल्या, तयार, दोरीत ओवलेल्या. त्याला वाटलं, इथले लोक किती हुशार, होडीवाल्यांसाठी मुद्दाम ओतून ठेवतात. तेव्हापासून तीन पिढ्या सारंगांच्या होड्यांत तो माल लागला. उरलेली माळ मामूच्या हत्यारांच्या पेटीत होती.

"चौकोनी भोक फिरत नाय, शेट," असं तो म्हणायचा. स्वतःबद्दलही तेच म्हणायचा.

मग इराकने कुवेत घेतलं, आणि काही महिन्यांत रियाधच्या वाण्याकडे चिकटपट्टी मिळेनाशी झाली. विषारी वायू येणार, एक खोली बंद करा, खिडक्यांना प्लास्टिक लावा, असं सगळीकडे चाललं होतं. सुलभा आणि आमची लेक मनू यांना मी मुंबईला पाठवणार होतो. मी तिकिटांच्या भावात घासाघीस करत राहिलो आणि विमानं बंद झाली. यावर सुलभा काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. मला एकच ध्यास लागला होता, त्या दोघींसाठी वायूचे मुखवटे. सौदी लोकांना मिळत होते. आमच्यासारख्यांना उद्या या, परवा या. बाजारात कुठे असलेच तर मागच्या दाराने. आणि पहिल्यांदाच मी कुठलाही भाव द्यायला तयार होतो, तर विकणारा सापडेना.

तेव्हा आला रेणूसाहेब. खरं नाव रने, फ्रेंच माणूस, एका बांधकाम कंपनीत बडा इंजिनियर. आमच्या इमारतीतल्या बायकांनी त्याचा रेणूसाहेब केला. तो माझ्याकडे दिवे घ्यायला यायचा आणि बरी घासाघीस करायचा, म्हणून माझा त्याच्यावर जीव होता. त्या दिवशी बोलता बोलता त्याची नजर फळीच्या टोकाकडे गेली. चष्मा वर केला, खाली केला, मग स्टूल ओढून फळीखाली डोकं घातलं. मला वाटलं याला चक्कर आली.

तो म्हणाला की हे नाणं आहे. व्हिएतनामचं, काशाचं, साच्यात ओतलेलं. त्याचा बाप हनोईला रेल्वेत होता, हा तिथेच जन्मला आणि लहानपणी याच नाण्यांनी खेळला. अक्षरं वर, खाली, मग उजवीकडे, डावीकडे अशी वाचायची. त्याने वाचलं, क्वांग चुंग. हा राजा मूळचा राजघराण्यातला नव्हे. तीन भाऊ, थोरला पानसुपारीचा व्यापारी, आणि हा धाकटा स्वतःच्या हिमतीवर गादीवर बसला. ऐन नव्या वर्षाच्या सणात, शत्रू जेवणावळीत असताना त्याच्यावर तुटून पडला.

सुपारीवाल्याचा भाऊ, स्वतःच्या हिमतीवर! मी त्या चकतीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो. दीड वर्ष ती माझ्या डोक्यावर होती आणि मला पत्ता नव्हता.

भोक चौकोनी का, तेही त्याने सांगितलं. ओतलेल्या नाण्याच्या कडा खरखरीत असतात. पुष्कळ नाणी चौकोनी दांड्यात ओवायची आणि एकदम कानशीने घासायची. दांडा चौकोनी, म्हणून नाणी फिरत नाहीत. मला मामू आठवला. मी सहज म्हणालो की अशी एक माळ माझ्या माहितीत आहे. रेणूसाहेबाचे कान लाल झाले. गिऱ्हाइकाचे कान लाल झाले की भाव आपल्या हातात. मी काही मागायच्या आतच तो म्हणाला की त्याच्या कंपनीची बरीच माणसं मायदेशी गेली, त्यांचे मुखवटे त्याच्याकडे वाटायला पडून आहेत.

आता मी इतकी वर्षं कशासाठी जीभ परजली होती? तो दोन म्हणाला, मी सहा. तो म्हणाला आधी माल दाखव. मी म्हटलं माल म्हणजे सोनं आहे. चहा झाला, खजूर झाले, तो दोनदा दाराकडे गेला आणि दोनदा परत आला. शेवटी चारावर मिटलं. अख्ख्या माळेला चार मुखवटे. सुलभा, मनू, मी आणि मामू. मालकाला त्याचा वाटा द्यायचा, हे मी कधी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सकाळीच पाणी आणि डबाबंद माल घ्यायला बाजारात गेलो होतो, परत आलो तर मामू जिन्यातल्या खिडकीवर शिडी लावून काहीतरी ठोकत होता. प्लास्टिक लटकत होतं, वरून उजेड डोळ्यांत येत होता. मी खालूनच सांगितलं, मामू, ती वायसरांची माळ मला द्या, तिच्या बदल्यात मुखवटे मिळताहेत, तुम्हालाही एक.

मामूच्या ओठांत खिळे धरलेले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खिळ्यांच्या फटीतून एकच शब्द काढला.

"खलास."

या देशात हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा ऐकायचो. येमेनी खलास म्हणाला की सौदा झाला. कफील खलास म्हणाला की काम मंजूर. हातावर हात, माल बांधा. मी तसाच वळलो, गाडी काढली आणि रेणूसाहेबाला त्याच्या कॅम्पवरून उचलून आणलं. मुखवट्यांची पेटी त्याने मागच्या सीटवर ठेवली होती. वाटेत मी तिच्याकडे आरशातून बघत होतो.

आधी घरी नेलं, चहासाठी. साहेब बसलाच नाही. तो आमच्या खिडकीसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून काहीतरी फ्रेंच निघालं. मी बघितलं. खिडकीच्या लाकडी चौकटीभोवती प्लास्टिक ताणून ठोकलं होतं, आणि दर वितीवर एक हिरवट चकती, मधोमध चौकोनी खिळा. अक्षरं सगळी बाहेर.

सुलभा चहा घेऊन आली. म्हणाली, "किती छान केलंय ना मामूंनी? चिकटपट्टी धुळीने निघून यायची. नुसत्या खिळ्याने प्लास्टिक फाटतं. सकाळपासून सगळ्या इमारतीच्या केल्या. पैसे विचारले तर म्हणाले, शेटला विचारू नको, तो घासाघीस करील."

मी मामूला हाक मारली. तो भुसा झटकत आला. मी विचारलं, तुम्ही खलास म्हणालात ना?

"म्हणालो ना. खलास. संपले. शेवटचा जिन्यात लागला."

"अहो, मला वाटलं सौदा खलास."

"मी मराठी माणसाशी मराठीत बोलायचं नाय तर काय अरबीत?" मामू म्हणाला. "दिवसभर दुकानात बसून तुझे कान सौदी झालेत."

मनू हसली. माझ्या घरात, माझ्या गिऱ्हाइकासमोर. मी सांगितलं की ही नाणी आहेत, दोनशे वर्षांची, राजांची. मामूने एक चकती नखाने ठोकून बघितली आणि मान हलवली. एवढ्या पातळ पैशाला कोण विचारतो, म्हणाला. पैसा असता तर त्याच्या आजोबाने खर्च केला नसता?

रेणूसाहेबाला यातलं काही कळत नव्हतं. तो हात मागे बांधून एकेक खिडकी बघत इमारतभर फिरला, संग्रहालयात फिरावं तसा. आम्ही मागे. तो राजाचं नाव मोठ्याने वाचायचा, कान हुंग, कान हुंग, पुन्हा कान हुंग. तळमजल्यावरची मल्याळी नर्स ड्यूटीवरून येऊन झोपायला चालली होती, तिच्याही खोलीत. दुसऱ्या मजल्यावर हैदराबादच्या कुटुंबाची दोन मुलं त्याच्या मागे लागली. जिन्यात शेवटच्या चकतीपाशी तो थांबला आणि मला म्हणाला, त्याला विचार, किती?

मी मामूला कोपऱ्यात घेतलं. सांगितलं की तुम्ही गप्प राहा, मी बोलतो, अजून मुखवटा वाढवून घेतो. मामूने मला बाजूला केलं आणि साहेबाला सरळ सांगितलं, मराठीत, हाताने दाखवत. एक काढायचा तर एक लावायचा. लोखंडी वायसर आणा आणि हे घेऊन जा. पण खिडकी एक क्षण उघडी पडणार नाय. आत माणसं आहेत.

मला भाषांतर करावं लागलं. माझ्या तोंडाने माझा सौदा मी बुडवला. साहेबाने विचारलं, आणि बदल्यात काय पाहिजे? मी ते मामूला सांगितलं, वर डोळ्यांनी खूणही केली.

"वायसरच्या बदल्यात वायसर," मामू म्हणाला. "आणखी काय?"

साहेब खाली गेला, गाडीतून पेटी आणली आणि ती मामूच्या हातात दिली. आत सहा मुखवटे होते. मी एवढा घसा कोरडा करून चारावर आणलेला माणूस काहीही न मागणाऱ्याला सहा देऊन मोकळा. मी आजवर कितीतरी लोकांना हा प्रसंग सांगितला, धंद्यातल्या लोकांना. सगळे म्हणतात, सहाच मिळाले ना, मग तुझं बिघडलं काय? त्यांना धंदा कळत नाही.

मामूने तिथेच वाटणी केली. सुलभा, मनू, नर्स, हैदराबादची दोन मुलं. सहावा त्याने स्वतः चढवला. दाढी बाहेर राहिली, चहूबाजूंनी हवा आत. साहेबाने सांगितलं की दाढी काढली तरच बसेल. मामूने मुखवटा काढून माझ्यापुढे धरला.

"तुला नुसती मिशी आहे. जमेल."

मी म्हटलं मी फुकट घेत नाही, भाव सांगा. तो म्हणाला की आमच्या खोलीतल्या चकत्या बदलताना शिडी धरायची. मला दुकान उघडायचं होतं. मी म्हटलं एकच खिडकी धरतो.

"मग जिन्याची पण."

मी तोंड मिटलं. साहेबाने फोन करून आपल्या ड्रायव्हरकडून लोखंडी वायसरांचा डबा मागवला, आणि संध्याकाळपर्यंत मी शिडी धरून उभा होतो. मामू एक खिळा उपसायचा, काशाची चकती खाली माझ्या हातात टाकायचा, लोखंडी ठोकायचा. एक-दोन चकत्या कडेने तडकल्या. ओतीव काम, ठोकलेलं सोसत नाही. साहेब प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचा.

राहिलं फक्त माझ्या दुकानातलं क्वांग चुंग. त्या खिळ्याचं टोक पलीकडून वाकवलेलं, काढायला गेलं तर नाणं फुटणार. साहेबाने ते सोडलं. जाताना फळीला हात लावून गेला.

त्याच आठवड्यात दिवेलागणीला भोंगा झाला. आम्ही सगळे आमच्या खोलीत. मुखवट्यातून मनू माशीसारखी दिसत होती आणि तिला त्याचा फार अभिमान होता. माझा पट्टा मागे अडकला आणि मी आतून जे बोललो ते सुदैवाने बाहेर नीट ऐकू गेलं नाही. मामू दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून त्याला पाठ टेकून बसला, दुसरा ओला पंचा दाढीभोवती. लांब कुठेतरी धडधड झाली. खिडकीचं प्लास्टिक फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं. एकही चकती हलली नाही. मामू प्लास्टिककडे बघत होता.

"शीड भरलं," तो म्हणाला. पंच्याआडून हसत होता. रियाधमध्ये तो एवढा खूष मी कधी बघितला नाही.

वायू आला नाही. युद्ध संपलं, प्लास्टिक उतरलं. आणि मी ठरवलं की ते नाणं आता रीतसर माझं व्हायला पाहिजे. मामूला म्हटलं, फळी मी विकत घेतली, तेव्हा तेही माझंच.

"फळी विकली, वायसर नाय विकला," तो म्हणाला. "फळीचा भाव केला होतास. वायसर तुला दिसला पण नव्हता."

हा मुद्दा माझ्या वकिलालाही सुचला नसता. मी भाव विचारला. तो पैसे म्हणेना. जयगडला माझ्या घरी यायचं, म्हणाला, एक दिवस राहायचं. आजोबाची शेवटची होडी अजून खाडीत आहे, तिच्यात कसे बसवलेत वायसर ते बघायचं. मी म्हटलं, दुकान टाकून एक दिवस कुठला? चिपळूणला जाताना तासभर डोकावेन.

"दोन दिवस."

तरीही माझी जीभ आवरेना. वर्षभरात मी जेव्हा जेव्हा विषय काढला, काहीतरी कमी करायला गेलोच. पावसात नको, सुट्टीत जमत नाही, सुलभाला होडी लागते. दोन दिवसांचे चार झाले, चाराचा आठवडा झाला. त्याची मुदत संपली, कंपनीने त्याचा हिशेब केला, तेव्हा भाव अख्ख्या मे महिन्यावर जाऊन पोचला होता. नाणं माझ्या डोक्यावर, आणि माझं नाही.

मी पुढच्या मे महिन्याची तिकिटं काढली होती. तिघांची. दुकानात माणूस ठेवला होता, कफीलची समजूत काढली होती, आणि तिकिटं आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण भावाने काढली होती, घासाघीस न करता, कारण मागच्या वेळचं सुलभाने मला विसरू दिलं नव्हतं. एप्रिलमध्ये मामूच्या भाच्याचा फोन आला. मामू सकाळी होडीला तेल लावून घरी आला, आडवा झाला आणि उठला नाही. आता मला सांगा, सौदा कोणी मोडला? मी माझी बाजू पुरी केली होती.

दुकान सोडलं तेव्हा फळीचा टोकाचा तुकडा मी करवतीने कापून आणला. नाणं त्यात आहे. पुण्यातला एक नाणीवाला येऊन गेला, खिळा काढून देतो म्हणाला, किंमतही बरी सांगितली. मी त्याला दार दाखवलं. अधूनमधून चकती बोटाने फिरवून बघतो. फिरत नाही.

पण मला मामू दिसतो तो रियाधच्या विमानतळावरचा. मी त्याला सोडायला गेलो होतो. सामान वजनाला टाकून झालं, तरी हत्यारांची पेटी तो सोडत नव्हता. काउंटरवरचा माणूस त्याला अरबीत समजावत होता की ही विमानात सोबत नेता येणार नाही. मामू त्याला मराठीत समजावत होता की ही न्यावीच लागेल. शेवटी पेटी पट्ट्यावर गेली आणि तो ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग रांगेत लागला. त्याचा नंबर आला तेव्हा मला राहवलं नाही. मी दोरीपलीकडून ओरडलो, "मामू, ठरलं. तुमचा भाव. अख्खा मे."

त्याने वळून बघितलं. सुटे झालेले दोन्ही हात हवेत झटकले, आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "खलास."

आणि आत गेला. तो अरबी खलास होता की मराठी, हे विचारायला मी मेमध्ये जाणारच होतो.